आधी पाणी उतरवा, मग माणसं चढवा

सह्याद्रीत ट्रेक नेणाऱ्या सर्व संस्था, क्लब आणि ग्रुपच्या आयोजकांस,



हे पत्र खरं तर वनमंत्र्यांना लिहिता आलं असतं. मागण्यांची यादी करून मीही मोकळा झालो असतो. ते तुम्हाला लिहितो आहे, कारण दर शनिवारी डोंगरात माणसं घेऊन जाता ते तुम्ही. पुण्या-मुंबईहून शुक्रवारी रात्री बस निघते. तिच्यात कुणाला कुठे चढवायचं, नाश्त्याला पोहे की उपमा, पुढे कोण चालणार, शेवटच्या माणसाबरोबर कोण राहणार, दोर कुणाच्या पाठीवर, हे सगळं तुम्ही आधी ठरवता. वाटेचा विचार मात्र कुणाच्याच नियोजनात नसतो. ती असतेच, असं आपण सगळे धरून चालतो.

माझी विनंती लहान आहे. वर्षातला एक शनिवार-रविवार ट्रेक नेऊ नका. तीच माणसं घेऊन, त्याच डोंगरात, वाट दुरुस्त करायला जा. ११ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय पर्वत दिन. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने तो २००३ पासून पाळला जातो. त्याच्या जवळचा शनिवार-रविवार वाटेला द्या. तो कसा द्यायचा हे जरा सविस्तर लिहितो, कारण नुसत्या उत्साहाने वाटेचं काम बिघडतं. घाईत, माहिती नसताना केलेली दुरुस्ती कित्येकदा न केलेल्या दुरुस्तीपेक्षा महागात पडते.

वाट माणसांच्या पायांनी मोडते, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. पाय सुरुवात करतात, उरलेलं काम पाणी करतं. आपल्या डोंगरांत बेसॉल्टचे थर एकावर एक आडवे बसलेले आहेत. कातळाच्या दोन पट्ट्यांमध्ये उताराची जमीन, तिच्यावर मुरूम आणि थोडी माती. बहुतेक वाटा या मातीतूनच चढतात. शेकडो बूट एका रेषेत पडले की गवत मरतं, माती दबते आणि वाट दोन्ही कडांपेक्षा बोटभर खाली जाते. तेवढं पुरतं. जूनमध्ये उतार शोधत आलेल्या पाण्याला आयता चर मिळतो. एकट्या महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. अशा पावसात बोटभर चराची गुडघाभर घळ व्हायला फार वर्षं लागत नाहीत. माती जाते, मुरूम सुटतो, घसारा उघडा पडतो. घसाऱ्यावर पाय सरकतो म्हणून माणसं कडेच्या गवतावरून चालू लागतात, आणि मग त्या कडेचीही तीच गत होते. एका वाटेच्या तीन समांतर वाटा आणि मधोमध ओघळ, हे दृश्य कुठे कुठे आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

वळणावरचे शॉर्टकट हेही त्याच दुखण्याचं दुसरं रूप. व्यापाराच्या जुन्या घाटवाटांवरून लादलेले बैल चालत. ओझ्याचा बैल छातीवरचा चढ सरळ चढत नाही, म्हणून जिथे जमेल तिथे वाट आडवी, वळणं घेत गेली. त्याच वळणांनी पाण्याचाही वेग मोडला. दोन वळणं जोडणारी सरळ रेषा आपण पाडली की वरच्या वळणावरचं सगळं पाणी तिच्यातून खालच्या वळणावर कोसळतं. शॉर्टकट दोन मिनिटं वाचवतो आणि दोन्ही वळणं घालवतो. नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण आपण सगळ्यांनी पाहिला आहे. सातवाहनांच्या काळी त्यात जकात जमा होई, असं परंपरा सांगते. घाट वापरायचा तर काहीतरी मोजायचं, ही रीत या डोंगरांना नवी नाही.

म्हणून वाट दुरुस्त करणं म्हणजे मुख्यतः वाटेवरचं पाणी बाहेर काढणं. हे काम कचरा वेचण्याहून वेगळं आहे आणि वृक्षारोपणाहूनही वेगळं. गडावरची टाकी उपसणारी, तटातला झाडोरा काढणारी, ढिगाऱ्यातली जोती मोकळी करणारी मंडळी महाराष्ट्रात पुष्कळ आहेत आणि त्यांचं काम मोठं आहे. पण त्या टाक्यापर्यंत नेणारी वाट सहसा कुणाच्या यादीत नसते. गड पुरातत्त्व विभागाचा, जंगल वनविभागाचा, गाव ग्रामपंचायतीचं. वाट या तिघांच्या हद्दींतून जाते आणि तिन्हींकडे परकी राहते.

पाण्याचा विषय निघाला की महाराष्ट्रात आपल्या तोंडी एकच मंत्र येतो: अडवा आणि जिरवा. पानी फाउंडेशनच्या वॉटर कपच्या वर्षांत, म्हणजे २०१६ ते २०१९ या काळात, तुमच्यातले कित्येक जण १ मे रोजी महाश्रमदानाला गेले असतील. सलग समतल चर, दगडी बांध हे शब्द तेव्हा शहरातही पोचले. ते कौशल्य उपयोगी पडेल, पण मंत्र मात्र उलटा करावा लागेल. शिवारात पाणी अडवायचं असतं, वाटेवर ते थांबूच द्यायचं नसतं. थांबलं की चिखल होतो, चिखल चुकवायला माणसं बाजूने जातात आणि वाट रुंदावते. पाण्याला वेग येण्याआधीच, ठरावीक अंतरांवर, थोडं थोडं करून ते वाटेबाहेर सोडायचं, एवढंच तंत्र आहे.

प्रत्यक्षात करायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. उताराला आडव्या जाणाऱ्या वाटेचा तळ दरीच्या बाजूला किंचित कलता हवा, मीटरभर रुंदीला पाचेक सेंटिमीटर. म्हणजे पाणी वाटेवरून लांबवर धावत नाही, आडवं उतरून जातं. बरीच वर्षं वापरात असलेल्या वाटेच्या दरीकडच्या कडेला मातीचा वरंबा उठलेला असतो. तो पाण्याला वाटेवर कोंडून ठेवतो. पुष्कळ ठिकाणी नुसता तो वरंबा कुदळीने काढला तरी मोठं काम होतं. चढत्या वाटेवर मोठ्या दगडांची तिरपी ओळ बसवायची, दरीकडचं टोक उताराच्या दिशेने खाली ठेवून, आणि त्या टोकापासून पुढे छोटा चर काढायचा. दगड निम्म्याहून अधिक जमिनीत गाडायचे. नुसता वर ठेवलेला दगड पहिल्याच पावसात सुटतो. अगदी उभ्या जागी सुक्या दगडांच्या पायऱ्या करायच्या, खालून सुरुवात करून, वरच्या दगडाचा भार खालच्यावर येईल अशा. प्रत्येक चराचं पाणी कुठे जाऊन पडणार हे आधी पाहायचं. ते कुणाच्या भातखाचरात पडायला नको आणि खालच्या वळणावरही नको. कातळावर किंवा दाट झाडोऱ्यात पडलं तर उत्तम.

सगळ्यांत शेवटी शॉर्टकटची दोन्ही तोंडं वाळक्या फांद्या आणि दगड टाकून अशी बुजवायची की येणाऱ्याला तिथे वाट होती हे कळूच नये. ‘शॉर्टकट वापरू नका’ असा फलक लावला की लोकांना शॉर्टकट सापडतो. कारवी वाटेवर आडवी आली असेल तेवढीच छाटायची. सात वर्षांनी फुलणारी झुडपं आहेत ती, मैदान करायला गेलो तर कोणता बहर आपण तोडला हे आपल्याला कळणारही नाही.

काय करायचं नाही, ही यादी आधी वाचून दाखवा. सिमेंट नाही. दगडांवर रंगाचे बाण नाहीत. नवी वाट नाही, रुंदीकरण नाही. पठारावरचे सुटे दगड उचलायचे नाहीत. त्यांच्याखाली बेडूक, विंचू, सापसुरळ्या राहतात, आणि कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ वनस्पतींचे कंद अशाच उथळ मातीत असतात. दगड घ्यायचा तो वाटेवर आलेल्या घसाऱ्यातला. तटाचा, जोत्याचा, देवळाचा घडीव दगड तर हलवायचाच नाही, घरंगळून वाटेत पडला असला तरी. त्याचा फोटो काढा, जागा टिपा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.

आता वेळापत्रक. मी डिसेंबर म्हणतो आहे तो केवळ पर्वत दिनासाठी नाही. १५ ऑगस्टला सुट्टी असते आणि उत्साहही असतो, पण तेव्हा ओल्या उतारावर कुदळ मारणं म्हणजे माती मोकळी करून पावसाच्या हवाली करणं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जमिनीला ओल चांगली असते, पण घाटाखालच्या आणि घाटावरच्या गावांत भाताची काढणी-झोडणी चाललेली असते. तेव्हा गावातल्या माणसाला डोंगरावर चला म्हणणं हा त्याच्या पोटावर पाय आहे. डिसेंबरात भात घरात आलेलं असतं, ऊन सोसतं, आणि फेब्रुवारीनंतरची वणव्याची भीती अजून दूर असते.

पण त्या शनिवार-रविवारची सुरुवात जुलैत होते. भर पावसात, चार-पाच जणांनी, ट्रेक म्हणून नव्हे तर वाट पाहायला म्हणून जायचं. पाणी वाटेवर कुठे शिरतं, कुठपर्यंत धावतं, कुठून बाहेर पडू पाहतं, हे ते स्वतः दाखवतं. कोरड्या दिवसांत तज्ज्ञालाही जे अंदाजाने सांगावं लागतं ते जुलैत डोळ्यांना दिसतं. जागा फोनवर टिपा, फोटो काढा, शक्य तिथे बाजूच्या झाडाची नाहीतर कातळाची खूण लिहून ठेवा. डिसेंबरात या नोंदींवरून काम करायचं. आणि मेच्या अखेरीस पुन्हा चार-पाच जणांनी जाऊन चरांत साठलेली माती-पालापाचोळा उपसायचा. कोकणात पावसाआधी घरं शाकारत, तसं हे दरवर्षीचं काम आहे. एकदा करून फीत कापावी असं त्यात काही नाही.

एक उदाहरण घेऊ, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. हरिश्चंद्रगडावर खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे जाणारी वाट घ्या. पायथा पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात, माथा अहिल्यानगरच्या अकोले तालुक्यात. खिंडीपर्यंत जंगल आणि ओढ्याचा शेजार, खिंडीच्या वर रेलिंग लावलेला कातळटप्पा, मग चढउतारांच्या टेकड्या आणि शेवटी हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ. ही सगळी वाट दोन दिवसांत दुरुस्त करायला निघालात तर काहीच होणार नाही. जुलैतल्या फेरीनंतर सर्वांत वाईट असा एकच तुकडा निवडा. कातळटप्प्याला हात लावू नका, तिथे पाणी फारसं काही बिघडवत नाही, आणि लोखंडाचं काम आपलं नव्हे. खिंडीखालचा किंवा टेकड्यांमधला मातीचा दोनशे-तीनशे मीटरचा टप्पा नीट झाला, तर तो शनिवार-रविवार सार्थकी लागला असं समजा.

परवानगीची गोष्ट कंटाळवाणी आहे, पण ती टाळता येत नाही. हरिश्चंद्रगड हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. हे अभयारण्य १९८६ साली घोषित झालं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यातल्या प्रवेशावरच निर्बंध आहेत. तिथल्या अधिवासात ढवळाढवळ करणं, मग हेतू कितीही चांगला असो, परवानगीशिवाय गुन्हा ठरू शकतं. अभयारण्याबाहेरच्या राखीव जंगलालाही भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू असतो. म्हणून सप्टेंबरातच वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. अर्जात तुकड्याची जागा, जुलैतले फोटो, करायची कामं, न करायची कामं, माणसांची संख्या आणि हत्यारांची यादी लिहा. कोयत्या-कुदळी घेऊन जंगलात शिरणाऱ्या अनोळखी वीस माणसांना वनरक्षकाने अडवलं तर ते त्याचं काम आहे. त्याला आधीच सोबत घ्या. पुढे कामाची पाहणी तोच करणार आहे, आणि तीन वर्षांनी अधिकारी बदलले तरी बहुधा अर्ज कशाचा होता हे त्याच्याच लक्षात असेल. देऊळ, लेणी, टाकी यांच्या आसपास काहीही करायचं तर पुरातत्त्व विभागाची परवानगी वेगळी लागेल. पहिल्या वर्षी त्या परिसरापासून लांबच राहा.

यानंतर गाव. आपल्याला वाट माहीत असते, पण गावाला वाटेचा इतिहास माहीत असतो. ही वाट आधी कुठून जात होती, कोणत्या वर्षी दरड आली आणि ती वर सरकली, झऱ्याचं तोंड कुठे आहे, गुरं कुठून चढतात, हे गुराख्याला आणि सरपणाला जाणाऱ्या बाईला विचारा. कामाचं नेतृत्व गावातल्या दोन-तीन जाणत्या माणसांकडे द्या आणि त्यांना दोन्ही दिवसांची पूर्ण मजुरी द्या. शहरातून आलेल्याने सुट्टीत घाम गाळला तर ते श्रमदान. ज्याचा रोज बुडतो त्याच्याकडून तेच मागणं ही फुकट मजुरी झाली. आयुष्यभर शेताची ताल रचलेला माणूस दगड कसा बसवायचा हे तुमच्या अभियंत्यापेक्षा चांगलं सांगेल. जेवण गावातल्या घरांतून, त्यांच्या दराने, घासाघीस न करता. आणि कृपा करून गावकऱ्यांना पर्यावरणावर भाषण देऊ नका.

माणसं किती न्यायची? वीस. पन्नास माणसं अरुंद वाटेवर एकमेकांच्या अंगावर माती टाकतात, आणि निम्मी फोटो काढतात. पाच-पाच जणांच्या चार तुकड्या करा. प्रत्येक तुकडीकडे तुकड्यातली ठरलेली जागा आणि जुलैतला फोटो. हत्यारं गावातूनच भाड्याने मिळतील: पहार, टिकाव, कुदळ, फावडं, घमेलं, कोयता. शुक्रवारी रात्रभर बसमध्ये डुलक्या काढून शनिवारी सकाळी पहार धरायला लावू नका. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोचता येत नसेल तर शनिवारची सकाळ झोपेला द्या. शनिवारी दुपारी फक्त एक मीटर वाट सगळ्यांनी मिळून करायची. तिथे चुका होतील, वाद होतील, गावातली मंडळी हसतील. मग उरलेला दिवस आणि रविवारची सकाळ तुकड्यांना त्यांची त्यांची जागा. रविवारी दुपारी कामावर बादलीभर पाणी ओतून पाहा. पाणी चराने बाहेर गेलं तर जेवायला चला. नाही गेलं तर ती ओळ उखडा आणि पुन्हा बसवा.

सुरक्षिततेबद्दल तुम्हाला सांगणं आगाऊपणा होईल, पण ट्रेकला लागत नाहीत अशा काही सवयी इथे लागतात. दगड हाताने उचलण्याआधी पहारीने हलवायचा. फुरसं दगडाखालीच असतं, आणि त्याच्या दंशाला हलकं घेऊन चालत नाही. जवळच्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारा. उतारावर एकाखाली एक तुकडी कधीच नको. वरून सुटलेला दगड हाक मारून येत नाही. पहार-टिकाव चालवणाऱ्याच्या आसपास दोन हात मोकळी जागा. आग्या मोहोळ असलेल्या कड्याखाली धूर नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही. हातमोजे आणि बूट नसलेल्याला कामाला लावू नका, तो चहाची व्यवस्था पाहील.

तुमच्या मनात येणाऱ्या शंका मला दिसतात. पहिली: पैसे भरून मातीत राबायला कोण येणार? बाबा आमट्यांनी साठच्या दशकात सोमनाथला सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत तरुण मुलं मे महिन्यात जातात, चंद्रपूरच्या मे महिन्यात. वॉटर कपच्या काळात शहरातली माणसं सहकुटुंब चर खणायला गेली. त्यांना आधी प्रशिक्षण मिळालं होतं किंवा प्रशिक्षण घेतलेल्या गावकऱ्यांच्या हाताखाली ती राबली, आणि आपण खणलेला चर मोजून मिळाला होता. नीट आखलेल्या कामाला माणसं येतात. येत नाहीत ती ‘या आणि काहीतरी करा’ अशा निमंत्रणाला.

दुसरी शंका: हे सरकारचं काम आहे, आपण का करायचं? सरकारचं आहे, आणि सरकारकडे मागायलाही हवं. पण सरकार करतं तेव्हा काय करतं तेही पाहिलं आहे. निविदा निघते, सिमेंटच्या पायऱ्या आणि रेलिंग येतात, कारण निविदेला मोजता येईल असं काम लागतं. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, साल्हेर, लोहगड, शिवनेरी, प्रतापगडासह मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आता तिथे पैसाही येईल आणि गर्दीही. सुक्या दगडांत, गावच्या हातांनी, कमी खर्चात वाट टिकवता येते, हे दाखवणारे तुकडे जर डोंगरात कुठेच नसतील तर अधिकाऱ्यांसमोर एकच पर्याय राहतो. सिमेंटला नुसता विरोध करून भागणार नाही. ‘साहेब, ही वाट बघा, हिचे तीन पावसाळे झाले’ असं म्हणता आलं पाहिजे.

तिसरी शंका तुम्ही उघड बोलणार नाही: आम्ही वाट करायची आणि बाकीचे ग्रुप तिच्यावरून माणसं नेणार? हो, नेणार. अमेरिकेतल्या अॅपलाचियन ट्रेलचं उदाहरण यासाठीच पाहण्यासारखं आहे. बेंटन मकाय यांनी १९२१ साली तिची कल्पना मांडली, १९३७ मध्ये ती सलग जोडली गेली. चौदा राज्यांतून जाणारी ही सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची वाट आजही मोठ्या प्रमाणावर स्थानिक क्लबांच्या स्वयंसेवकांवर टिकून आहे. प्रत्येक क्लबाकडे ठरलेला टप्पा असतो. चालणारा कुठल्या क्लबचा हे कुणी विचारत नाही. टप्पा कुणाचा, हे मात्र सगळ्यांना माहीत असतं. आपल्याकडेही तसंच करा. एका क्लबने एक तुकडा घ्यायचा, तोच दरवर्षी. दर वर्षी नवा गड आणि नवा फलक, असं केलं की जुना चर बुजतो. एक साधी वही ठेवा: कोणती ओळ कुठे बसवली, पुढच्या जुलैत तिथे काय दिसलं, मेमध्ये किती माती निघाली. पाच वर्षांनी ती वही पुढच्या क्लबला कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा उपयोगी पडेल.

आणि एक कटू गोष्ट लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. वाट दुरुस्त केली म्हणजे तिच्यावर कितीही माणसं नेण्याचा परवाना मिळाला, असं होत नाही. एका शनिवारी एकाच वाटेवर दोन-दोन, तीन-तीन बस भरून माणसं आली, तर डिसेंबरचं काम पुढच्याच पावसाळ्यात वाहून जाईल. एका वाटेवर एका दिवशी किती जण न्यायचे, हे तुम्ही सगळे मिळून ठरवू शकता. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. पावसाळ्यात निघण्याआधी तुम्ही सूचना देताच, त्यांत दोन जोडा: चिखल आला तर बाजूने नाही, मधूनच चालायचं, आणि वळणं तोडायची नाहीत. बूट खराब होतील म्हणून कुणी कुरकुर केली तर त्याला सांगा, बूट धुता येतात.

या पत्राला उत्तर म्हणून मला पाठिंबा नको आहे. हे पत्र ज्या क्लबला पटेल त्याने गणेशोत्सवापर्यंत आपल्या वाटेचं आणि तुकड्याचं नाव जाहीर करावं, सप्टेंबरात अर्ज द्यावा, दिवाळीआधी गावात जाऊन मजुरी, जेवण आणि दोन जाणती माणसं ठरवावीत. पहिल्या वर्षी साऱ्या महाराष्ट्रात तीनच तुकडे झाले तरी चालेल. पण जे होतील ते पुढच्या जुलैत, मुसळधार पावसात, पुन्हा जाऊन पाहा. काम जमलं की फसलं, हे तेव्हा पाणीच सांगेल. फसलं असेल ते वहीत लिहा आणि डिसेंबरात पुन्हा करा.

आपला,
सह्याद्रीतला एक जुना भटक्या